अंबुजाबाई टीचरांची इंग्रजी

अंबुजाबाई टीचर समोरच्याला वाक्याच्या मध्यावर थांबवत. तो घाईत आहे का, रागात आहे का, रडकुंडीला आला आहे का, याचा विचार नसे. शब्द चुकला की त्यांचा उजवा हात वर व्हायचा आणि नेमका शब्द सापडेपर्यंत खाली यायचा नाही. या हातामुळे दूधवाल्यापासून कारखान्याच्या वेल्फेअर ऑफिसरपर्यंत सगळे त्यांना टाळायचे. मीही सुरुवातीला टाळलं असतं, पण मला टाळायला जागाच नव्हती.

लग्न होऊन मी कराडहून मद्रासला आले, ती थेट शहराबाहेरच्या आवडी नावाच्या गावातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये. नवरा संरक्षण खात्याच्या कारखान्यात. तमिळचा मला गंध नव्हता आणि इंग्रजी मराठी शाळेतलं, म्हणजे वाचताना कळणारं आणि बोलायची वेळ आली की घशात अडकणारं. कराडच्या कॉलेजात मी बी. कॉम.ला पहिली आले होते, आणि इथे मला भाजीवालीला "भेंडी कोवळी आहे का" एवढंही विचारता येत नव्हतं. त्या उन्हाळ्यात नळाला पाणी नव्हतं. रिकाम्या घागरी घेऊन मी उभी होते, मनातल्या मनात नव्हे तर चांगली मराठीत पुटपुटत, तेवढ्यात शेजारच्या ब्लॉकमधल्या एक ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या बाई येऊन उभ्या राहिल्या. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणाले, "आय ॲम व्हेरी अँग्री. नो वॉटर."

हात वर झाला.

"अँग्री? कोणावर?"

मी नळाकडे बघितलं.

"कोणावर नाहीं ना? मग तूं अँग्री नाहींस. यू आर एक्झॅस्परेटेड. तेंच तेंच पुन्हा पुन्हा होऊन जीव विटतो कीं नाहीं, तें. म्हण."

मी तो शब्द म्हटला. तीनदा म्हणायला लावला. मग माझ्या लक्षात आलं की बाई माझ्याशी मराठीत बोलत होत्या. म्हणजे शब्द मराठी, पण चाल तमिळ. वाक्याचा शेवट उंच जायचा आणि मधेच एखादा असा शब्द यायचा की जो मी कधी ऐकला नव्हता. 'सगळं'ला त्या 'अस्क' म्हणत, 'इथे'ला 'हिंग', 'तिथे'ला 'तिंग'. त्या तंजावरच्या मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. त्यांचा मुलगा मुरली माझ्या नवऱ्याच्याच कारखान्यात होता. तो आईशी तमिळमध्ये बोलायचा, आई त्याला मराठीत उत्तर द्यायची, आणि भांडण झालं की दोघं इंग्रजीवर यायचे.

मद्रासच्या एका शाळेत त्यांनी उभा जन्म इंग्रजी शिकवलं होतं, तेही फक्त मधल्या वर्गांना. वरचे वर्ग त्यांना कधी दिले नाहीत. का, ते मला पुढे कळलं.

मला बँकेच्या अधिकारीपदाची परीक्षा द्यायची होती. वय हातातून निसटत चाललं होतं. फार तर दोन वेळा बसता आलं असतं. बाकीचे विषय मला जमत होते. अडत होतं ते इंग्रजीवर, आणि त्यातही शब्दांवर. समानार्थी, विरुद्धार्थी, चार पर्यायांतून एक निवडा. मी टीचरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "एग्मोरला मी क्लासांत शिकवितें. रिटायर झाल्यावर बोलाविलें त्यांनीं. तूंहि ये. मिळून जाऊं."

आवडीहून गाडीने सेंट्रल आणि तिथून बसने एग्मोर. खरा क्लास या प्रवासातच चालायचा. टीचर शब्दाचा अर्थ कधी सांगत नसत. शब्द दाखवत. एकदा बसमध्ये कंडक्टर कोणावर तरी खेकसला. टीचरांनी मला कोपर मारलं.

"तो पाहा. सर्ली. आतां ती खिडकीपाशीं बसलेली बाई पाहा, तोंड बंद, डोळे खालीं, पोटांत राग. सलन. आणि तिची ती पोरगी, रिबिन नाहीं मिळाली म्हणून ओठ काढून बसली आहे, ती सल्की. तिघांना एकच शब्द वापरशील तर तिघांवर अन्याय."

मी सहज म्हणाले, "तुसडा, घुमी आणि फुरंगटलेली."

टीचर माझ्याकडे बघतच राहिल्या. "काय? पुन्हा सांग. सावकाश."

मी पुन्हा सांगितलं.

"फु-रं-ग-ट-ले-ली," त्यांनी एकेक अक्षर तोंडात घोळवलं. त्यांच्या तमिळ वळणाने त्या 'ट'ला वेगळाच ठसका आला. "हा आमच्या घरीं नाहीं. होता असेल. कोठें गळाला कोण जाणे." उतरायचा थांबा गेला तरी त्यांना भान नव्हतं. आम्ही उन्हातून मागे चालत आलो आणि वाटेत त्या तो शब्द म्हणत होत्या. मला मात्र क्लासला उशीर होत होता.

क्लास एग्मोर स्टेशनजवळच्या एका हॉटेलच्या माडीवर भरायचा. बाकांवर सत्तर-ऐंशी मुलं दाटीवाटीने बसलेली, प्रत्येकाच्या हातात शब्दांचं जाड गाइड. क्लासच्या मालकांना सगळे डायरेक्टर म्हणायचे. त्यांची अपेक्षा होती की टीचरांनी दर तासाला गाइडाची चार पानं उरकावीत. टीचर तासभर एका शब्दावर अडून बसत. 'रिलक्टंट' माणूस काम करतो की करत नाही? करतो. मग 'अनविलिंग'? तो कदाचित करणारच नाही. मग तुमच्यापैकी कोण इथे रिलक्टंट बसला आहे, हात वर करा. मुलं चुळबुळ करायची, घड्याळं बघायची. मीही बघायची. शेजारची मुलगी माझ्या कानाशी कुजबुजली, "तुमच्या ओळखीच्या आहेत ना? त्यांना सांगा, पानं पुढे घ्या म्हणून." मी काय सांगणार होते?

एके दिवशी त्या फळ्यासमोर म्हणाल्या की अमुक एक गोष्ट साधेपणाचा 'एपिटोम', म्हणजे मूर्तिमंत नमुना, आहे. मागच्या बाकावरून एक चुणचुणीत मुलगा उठला. चांगल्या शाळेत शिकलेला, कपाळावर केस. "मॅडम, इट्स एपिटमी."

वर्ग हसला. मोठ्याने नाही, पण सगळा हसला.

टीचरांनी खडू खाली ठेवला. मला वाटलं आता हात वर होईल. तो झाला नाही. त्या मुलाकडे बघून टीचर म्हणाल्या, "थँक यू. आय हॅव ओन्ली रेड इट. आय नेव्हर हर्ड एनीवन से इट." आणि तास पुढे चालू केला.

तास संपल्यावर डायरेक्टरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं. "मॅडम, पोर्शन संपत नाही. पोरं तक्रार करतात. अर्थ सांगा, पुढे चला. आणि उच्चार जरा... डिक्शनरीत बघून येत चला."

"शब्द कळला नाहीं तर पुढें कोठें जायचें?"

"परीक्षेला."

टीचर म्हणाल्या, "देन यू डोंट नीड मी. यू नीड अ पॅरट." जिना उतरून त्या रस्त्यावर आल्या आणि बसथांब्याकडे चालू लागल्या. मी मागून धावत गेले. राग त्यांना डायरेक्टरचा आला नव्हता. स्वतःचा आला होता.

परतीच्या गाडीत त्या पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलल्या. "शाळेंतहि हेंच झालें. नव्या नव्या टीचर येत, कॉन्व्हेंटमधल्या. मी बोललें कीं एकमेकींकडे बघत. मी शब्द पुस्तकांतून घेतले, पोरी. घरीं कोणी इंग्रजी बोलणारें नव्हतें. रस्त्यावर तमिळ बोललें तर म्हणत, ही मराठी बाई. एकदां तुमच्या मुलखांतले लोक मद्रासेंत जमले होते, तिंग गेलें. तोंड उघडलें तर अस्क हंसले. म्हणाले, काय गोड बोलतां हो, जुन्या पोथीसारखें. गोड! म्हणून मला वाटलें, इंग्रजी तरी कोणाच्या बापाची नाहीं. तिंग मी मेहनत केली तर मला कोण हंसेल?"

मी त्या क्लासमध्ये परत गेले नाही, पण ते त्यांच्या प्रेमापोटी की त्यांच्याच घरी फुकट शिकायला मिळणार म्हणून, हे मला तेव्हाही नीट ठरवता आलं नव्हतं.

रोज दुपारी मी त्यांच्या घरी जाऊ लागले. मुरलीची बायको ताक आणून ठेवायची. 'स्टिंजी'मधला कंजूषपणा आणि 'फ्रूगल'मधली काटकसर यांतला फरक टीचरांनी मला आमच्याच ब्लॉकमधल्या दोन घरांवरून समजावला, आणि ती दोन्ही घरं आजही मला त्याच नावांनी आठवतात. मला शब्द आवडू लागले. मी झोपेतही शब्द बोलते, अशी नवऱ्याची तक्रार होती.

आणि मी नापास झाले.

इंग्रजीनेच घात केला. आधी मला शब्द येत नव्हते म्हणून पर्याय निवडता येत नव्हते. आता शब्द इतके नीट कळले होते की चारही पर्याय मला थोडे थोडे चुकीचे दिसत होते. 'सलन'चा विरुद्धार्थी शब्द कुठला? 'चिअरफुल'? पण सलन माणसाच्या पोटात राग असतो, तो विरला म्हणून काही माणूस आनंदी होत नाही. मी त्या एका प्रश्नावर पेन चावत बसले आणि घंटा झाली.

निकाल घेऊन मी तडक टीचरांच्या घरी गेले. त्या आनंदाने म्हणाल्या, "म्हणजे तुला फरक दिसला!"

माझा तोल सुटला. "टीचर, मला फरक नको. मला मार्क हवेत! आता एकदाच बसता येईल मला. त्यानंतर मी जन्मभर या क्वार्टरमध्ये घागरी मोजत बसायची, आणि मला घागरीला चार शब्द येत असतील!"

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "बस," त्या म्हणाल्या. मी बसले नाही. घरी निघून आले.

दोन दिवसांनी दारावर थाप पडली. टीचर उभ्या होत्या, हातात तेच जाड गाइड. कुठून तरी विकत आणलं होतं.

"उघड," म्हणाल्या. "पान पहिलें. ॲबेट, म्हणजे लेसन, कमी होणें. पाठ कर. विचार करूं नको. विचार केलास तर मारीन."

मग सुरू झाला तो महिन्या-दोन महिन्यांचा काळ मी विसरू शकत नाही. रोज पन्नास शब्द. त्या विचारायच्या, मी उत्तर द्यायची. चेहऱ्यावर त्यांच्या काहीच नसायचं, कडू औषध पाजताना आईच्या चेहऱ्यावर असतं तेही नाही. गाइडात चुकीचे अर्थ होते. एका ठिकाणी तर दोन शब्द सरळ अदलाबदल झालेले. त्यांचा हात उचलला जायचा, हवेत थांबायचा, आणि त्या तो दुसऱ्या हाताने धरून खाली आणायच्या. "हिंग असेंच लिहिलें आहे," त्या म्हणायच्या. "परीक्षक हेंच वाचून बसला असेल. पुढें."

मी पास झाले. इंग्रजीत चांगले गुण मिळाले. पेढे घेऊन गेले, तर त्यांनी पेढा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "बरें झालें. झालें ना तुझें? आतां शिकायला ये."

मी गेले. बँकेत लागल्यावर वर्षानुवर्षं रविवारी जात राहिले. नवऱ्याला वाटायचं मी उपकार फेडते आहे. तसं नव्हतं. बँकेत आठवडाभर मी जी पत्रं लिहायची त्यात माणूस कुठेच नसायचा. 'काइंडली डू द नीडफुल' एवढ्यावर सगळं जग चालायचं. रविवारी टीचरांकडे गेलं की तोंडाला चव यायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या पोटात दुखू लागलं. मुरलीला रजा मिळेना, म्हणून मीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होता, बाहेर रांग लांब होती. "पेन कसं आहे, अम्मा? माइल्ड? सिव्हिअर?"

"नॉट लाइक दॅट, डॉक्टर. इट इज नॉइंग. आंतून कोणी कुरतडतें तसें. बर्निंग नाहीं. अँड इट गोज थ्रू टु द बॅक."

"पेन इरुक्का, इल्लैया?" दुखतं की नाही, एवढंच त्याला हवं होतं.

"इरुक्कु," टीचर म्हणाल्या. आहे. "बट..."

त्याने लिहिलं होतं. गॅसच्या गोळ्या. पुढचा पेशंट आत आला होता. मी म्हणाले, "डॉक्टर, त्या काय म्हणतात ते नीट ऐका, त्या शब्द उगाच वापरत नाहीत." तो हसला. वाईट माणूस नव्हता तो. "मॅडम, या वयात सगळ्यांनाच होतं."

बाहेर येऊन टीचर कट्ट्यावर बसल्या. "मी त्याला नेमकें सांगितलें," त्या म्हणाल्या. "आणखी काय करायचें माणसानें?"

खरं दुखणं कळलं तेव्हा फार पसरलं होतं. त्या दिवशी त्याने तो एक शब्द ऐकला असता तर काही वेगळं झालं असतं का, मला माहीत नाही. कदाचित नसतं झालं. पण मला त्या कट्ट्याची आठवण आली की अजूनही संताप होतो.

शेवटचे दिवस त्या घरीच होत्या. भेटायला येणारे सगळे एकच म्हणायचे, यू विल बी ऑल राइट. ते गेले की टीचर भिंतीकडे तोंड करायच्या. एकदा मला म्हणाल्या, "हे लोक फळें आणतात आणि खोटे शब्द आणतात. फळें मुरली खातो. शब्दांचें मी काय करूं?"

दुसऱ्या एका दुपारी त्यांनी विचारलं, "विस्टफुल. तुमच्यांत काय म्हणतात?"

मी विचार केला. "हुरहूर?"

"हुरहूर," त्या म्हणाल्या. डोळे मिटले. मग बऱ्याच वेळाने, "हें बरोबर आहे. इंग्रजीहून चांगलें आहे." त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, त्या गेल्या.

मुरलीने पेपरात द्यायची निधनाची इंग्रजी बातमी माझ्याकडून लिहून घेतली. तो म्हणाला, "शैलाक्का, 'लेफ्ट फॉर हर हेवन्ली अबोड' असं असतं ना नेहमी?" मी म्हटलं, नाही, तुझ्या आईबद्दल असं काही छापायचं नाही. मी लिहिलं: अंबुजाबाई, टीचर ऑफ इंग्लिश, डाइड ॲट होम इन आवडी ऑन ट्यूजडे मॉर्निंग. मुरलीने ते वाचलं. "रफ वाटतंय," म्हणाला. मग म्हणाला, "पण खरं आहे. अम्माला चाललं असतं."

पेपरच्या ऑफिसात मीच गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "डाइड? मॅडम, नोबडी राइट्स लाइक दॅट." मी म्हणाले, असंच छापायचं, एक अक्षर बदलायचं नाही. त्याने मान हलवली. मी दोनदा बजावलं, त्याने दोनदा मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पेपर उघडला. अंबुजाबाई, रिटायर्ड टीचर, लेफ्ट फॉर हर हेवन्ली अबोड.

बँकेत जाऊन मी पहिला फोन त्या ऑफिसला लावला. पलीकडे बहुधा तोच माणूस होता. माझा आवाज चढला होता, आजूबाजूचे क्लार्क बघत होते. तो शांतपणे ऐकत होता. मग त्याने अगदी समजूत घालावी तसं विचारलं, "बट मॅडम, मीनिंग इज द सेम, नो?"

"नाही," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले. मग इंग्रजीत सुरू केलं. सेम का नाही ते सांगितलं. एक बाई मेली असताना ती कुठेतरी राहायला गेली असं म्हटलं की काय हरवतं ते सांगितलं, ती कोण होती ते सांगितलं, आणि सांगतच राहिले. त्याने फोन कधी ठेवून दिला, ते मला कळलंही नाही.